लॅपटॉपची बॅटरी: किती टिकते, कशी झिजते आणि तिला कसे जपावे

लॅपटॉपची बॅटरी किती टिकते, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन वेगळे प्रश्न असतात. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर ती किती तास चालेल, हा पहिला. आणि बदलण्याची वेळ येईपर्यंत ती किती वर्षे साथ देईल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुम्ही काय काम करता यावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बॅटरी कोणत्या अवस्थेत आणि किती उष्णतेत दिवस काढते यावर ठरते. रोजच्या सर्वसाधारण वापरात तीन ते पाच वर्षे हा वाजवी अंदाज आहे. अनेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० चार्जचक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरला जाणे) मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतात. काही बॅटऱ्या १,००० चक्रांसाठी बनवलेल्या असतात आणि ॲपलने आपल्या अलीकडच्या सर्व मॅकबुकसाठी हाच आकडा जाहीर केलेला आहे. तरीही एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या लॅपटॉपपैकी एकाची बॅटरी दोन वर्षांत अर्ध्यावर येते आणि दुसऱ्याची चार वर्षांनंतरही उत्तम चालते, असे सर्रास दिसते. हा फरक बराचसा आपल्या हातात असतो, म्हणून हा लेख.

आत नेमके काय घडते

आजच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइटचे ऋण अग्र, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचे धन अग्र आणि दोहोंमध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव असतो. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि बॅटरी वापरताना ते परत धन अग्राकडे येतात. ही ये-जा अगदी बिनचूक झाली असती, तर बॅटरी कधी जुनी झालीच नसती.

प्रत्यक्षात ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचे सतत थोडेथोडे विघटन होते आणि तिथे एक पातळ थर साचतो. हा थर आवश्यकही असतो, कारण तो पुढचे विघटन रोखून धरतो. पण तो वाढत राहतो आणि वाढताना लिथियम खातो. थरात अडकलेले लिथियम पुन्हा ये-जा करू शकत नाही, म्हणून क्षमता घटते. थर जाड झाला की आयनांची वाट अडते, म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. जुन्या लॅपटॉपवर २५ टक्के चार्ज दिसत असताना एखादे जड काम सुरू करताच पडदा काळा होतो, त्यामागे बहुतेक वेळा हा वाढलेला रोधच असतो: अचानक जास्त वीज मागितली की सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज, पुढे नुसता ‘दाब’) कोसळतो आणि सुरक्षा-परिपथ पुरवठा तोडतो.

बॅटरीची झीज दोन घड्याळांवर चालते, ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढचे सगळे सोपे होते. एक घड्याळ वापराचे: प्रत्येक चार्जचक्राबरोबर अग्रांमधील कण फुगतात, आकसतात आणि त्यांना सूक्ष्म तडे जातात. दुसरे घड्याळ दिनदर्शिकेचे: बॅटरी नुसती पडून असली तरी तिच्यातील रासायनिक झीज चालूच राहते. हे दुसरे घड्याळ दोन गोष्टींमुळे जोरात पळते, त्या म्हणजे उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो, काही नव्या सेलमध्ये ४.४ व्होल्टपर्यंतही जातो, आणि त्या उंचीवर आतल्या अनिष्ट अभिक्रिया सर्वांत वेगाने चालतात. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम इथेही उपयोगी पडतो. जे लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला जोडलेले असतात, त्यांच्या बॅटऱ्या फारशा वापरल्या न जाताही लवकर खराब होतात, ते यामुळेच.

पहिली पायरी: आधी मोजून पाहा

बॅटरी बिघडल्याची शंका येताच नवी मागवण्याआधी आकडे पाहावेत. तुलना दोन आकड्यांची करायची असते: बॅटरी बनवताना ठरवलेली मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर तिच्यात प्रत्यक्ष मावणारी ऊर्जा.

विंडोजमध्ये यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ लिहावे, एक जागा सोडावी, तिरपी रेघ द्यावी, तिला जोडूनच ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहावे (powercfg /batteryreport) आणि एंटर दाबावे. अहवालाची फाइल कुठे साठवली तो पत्ता तिथेच दिसतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ या ओळी शोधाव्यात. त्यांच्या खालीच ‘सायकल काउंट’ असतो, मात्र काही लॅपटॉप तो नोंदवत नाहीत. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधील बॅटरी विभागात बॅटरीची अवस्था दिसते आणि सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘पॉवर’ या शीर्षकाखाली चक्रांची संख्या असते. लिनक्समध्ये ‘यूपॉवर’ ही आज्ञा हीच माहिती देते.

एक उदाहरण घेऊ. अहवालात मूळ क्षमता ५७,००० मिलिवॅट-तास आणि सध्याची पूर्ण क्षमता ४४,४६० मिलिवॅट-तास दिसली, तर दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून १०० ने गुणल्यावर ७८ येतात. म्हणजे २२ टक्के क्षमता गेली. आता हाच लॅपटॉप लेखन आणि वाचनाच्या कामात सरासरी ९ वॅट वीज घेत असेल, तर नवा असताना ५७ वॅट-तास (म्हणजेच ५७,००० मिलिवॅट-तास) भागिले ९, म्हणजे सुमारे सव्वासहा तास चालत होता आणि आज पाच तासांच्या आसपास चालेल. पण तो दोनच तासांत बंद पडत असेल, तर दोष केवळ बॅटरीचा नाही. पार्श्वभूमीवर काहीतरी वीज खात आहे आणि नवी बॅटरी बसवून ते दुखणे जाणार नाही. या साध्या भागाकाराने कितीतरी अनाठायी खर्च टळू शकतो, म्हणून मी त्यावर इतका भर देतो.

हे आकडे रोज पाहू नयेत. क्षमता थेट मोजता येत नाही. बॅटरीतील चिप तिचा अंदाज बांधते आणि तो दोन-चार टक्क्यांनी खालीवर होत राहतो. नव्या बॅटरीची क्षमता १०० टक्क्यांहून थोडी जास्त दिसली तरी त्यात वावगे काही नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा नोंद केली, तरी झीज कोणत्या वेगाने चालली आहे ते स्पष्ट होते.

दुसरी पायरी: चार्जिंगला मर्यादा घाला

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल, तर ही करावी. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये आता चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, पण विकत घेतलेल्या दिवशी ती बहुधा बंद असते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये ती ‘कन्झर्वेशन मोड’ या नावाने सापडते, एसुसच्या मायएसुस ॲपमध्ये बॅटरीच्या काळजीच्या विभागात, तर डेल आणि एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये. डेलकडे ‘प्रायमरिली एसी यूज’ हा पर्याय मुख्यतः चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठीच दिलेला आहे. ॲपलने २०२० पासून मॅकबुकमध्ये बॅटरीचे आरोग्य सांभाळणारी स्वयंचलित व्यवस्था दिली आहे. लिनक्सवर, लॅपटॉप साथ देत असेल तर, चार्ज थांबवण्याची टक्केवारी थेट प्रणालीतच नोंदवता येते.

लॅपटॉप बहुतांश वेळ टेबलावर चार्जरला जोडलेला असेल, तर मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. तो महिनोन्‌महिने टेबलावरून हलतच नसेल आणि पर्याय उपलब्ध असेल, तर ६० टक्केही चालतील. प्रवासाच्या किंवा लांबलचक बैठकीच्या आदल्या रात्री मर्यादा काढून १०० टक्के चार्ज करण्यात काहीच गैर नाही. बॅटरी वापरण्यासाठीच आहे. तिला अधूनमधून पूर्ण भरल्याने नव्हे, तर पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे तशीच ठेवल्याने हानी होते.

चार्जर सतत लावून ठेवावा की काढावा, या जुन्या वादाचे उत्तरही इथेच मिळते. बॅटरी भरल्यावर लॅपटॉपमधील परिपथ चार्जिंग थांबवतो आणि लॅपटॉप थेट चार्जरच्या विजेवर चालतो, त्यामुळे ‘जास्त चार्ज होऊन बॅटरी जळेल’ ही भीती निराधार आहे. मात्र ती १०० टक्क्यांवर, म्हणजे सर्वाधिक दाबावर, गरम लॅपटॉपच्या पोटात बसून राहते. मर्यादा घातली की ही अडचण उरत नाही आणि चार्जर खुशाल लावून ठेवता येतो. मर्यादेची सोयच नसेल, तर जमेल तेव्हा ८० टक्क्यांच्या आसपास चार्जर काढावा. पण त्यासाठी सतत टक्केवारीवर नजर ठेवत जीव टांगणीला लावण्याची गरज नाही.

उलट टोकाचा सल्लाही अजून ऐकू येतो: बॅटरी दरवेळी शून्यापर्यंत उतरवावी आणि मगच चार्जिंगला लावावी. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरल्या की त्यांची क्षमता कमी झाल्यासारखी वागणूक दिसे. लिथियम-आयन बॅटरीला अशी ‘स्मृती’ नसते. तिला छोटे छोटे फेरे मानवतात. ७० वरून ४० टक्क्यांपर्यंत वापरून पुन्हा भरणे हे १०० वरून शून्यावर नेण्यापेक्षा बरे. चक्रांचा हिशेबही टक्क्यांच्या बेरजेने होतो: आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरले, तर मिळून एकच चक्र धरले जाते. चार्जर दिवसातून कितीदा लावला, याला स्वतंत्र महत्त्व नाही.

तिसरी पायरी: उष्णता कमी करा

लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा रजईवर ठेवून वापरला की खालची हवेची छिद्रे बुजतात. प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही आणि ती शेजारच्या बॅटरीत शिरते. कठीण, सपाट पृष्ठभाग आणि मागची कड दोन बोटे उचलणारा साधा स्टँड, एवढ्याने तळाचे तापमान हाताला जाणवेल इतके उतरते. वर्षातून एकदा पंख्यातील धूळ साफ केली, तर प्रोसेसर आणि बॅटरी या दोघांचेही भले होते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नये. तिथे तासाभरात होणारी झीज थंड खोलीतल्या तासाभराच्या झिजेच्या कित्येक पट असू शकते.

एक कमी लक्षात येणारी चूक बॅगेत घडते. अनेक नवे लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्णपणे झोपत नाहीत. अपडेटसाठी किंवा नेटवर्कसाठी ते मधूनच जागे होतात आणि बंद बॅगेत तापत राहतात. झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप बाहेर काढताना गरम लागला आणि त्याची बॅटरी बरीच उतरलेली दिसली, तर हेच घडले असे समजावे. लांबच्या प्रवासात तो शटडाउन करावा किंवा हायबरनेट करावा.

थंडीचे गणित निराळे आहे. थंडीत बॅटरी कमी वेळ चालते, पण ती घट तात्पुरती असते. शून्य अंशाखाली चार्ज करणे मात्र कायमचे नुकसान करू शकते, कारण तेव्हा लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. गोठवणाऱ्या थंडीतून आत आणलेला लॅपटॉप खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच चार्जिंगला लावावा.

एका चार्जमध्ये अधिक तास मिळवण्यासाठी

इथे फार बोलण्यासारखे नाही. हलक्या कामात सर्वाधिक वीज बहुधा पडदा घेतो, म्हणून उजेड कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पडद्याचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा) १२० किंवा १४४ असेल, तर बॅटरीवर असताना तो ६० वर आणावा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर कोण वापरत आहे ते पाहावे. ब्राउझरमधला एखादा उघडा टॅबच पुष्कळदा दोषी निघतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर खेळ किंवा व्हिडिओ-संपादनाची कामे चार्जर लावूनच करावीत. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ वॅट-तासांच्या आसपास थांबलेल्या दिसतात, कारण विमानप्रवासात वेगळ्या परवानगीविना नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. त्यापेक्षा मोठी बॅटरी मिळेल या आशेवर न राहता वापर कमी करणे शहाणपणाचे.

लॅपटॉप बरेच दिवस बंद ठेवायचा असेल तर

बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणून लॅपटॉप शटडाउन करावा आणि थंड, कोरड्या जागी ठेवावा. बंद लॅपटॉपचीही बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पाहून गरज असल्यास ती पुन्हा ५० टक्क्यांवर आणावी. शून्यावर ठेवलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर सेलचा दाब इतका खाली जातो की ऋण अग्राखालचे तांबे इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागते. मग सुरक्षा-परिपथ ती बॅटरी चार्जच होऊ देत नाही, आणि ते योग्यच असते.

टक्केवारी चुकीची दिसू लागली तर

३० टक्क्यांवरून थेट ५ वर उडी पडत असेल, तर एकदा १०० टक्के चार्ज करून, तासभर तसेच ठेवून, मग लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत वापरावा आणि पुन्हा सलग पूर्ण चार्ज करावा. यामुळे चिपचा अंदाज सुधारतो. गेलेली क्षमता मात्र याने परत येत नाही, आणि म्हणून हा उपाय दर महिन्याला करण्यात केवळ चक्रे वाया जातात.

बॅटरी फुगली असेल तर थांबा

माझा एक लॅपटॉप दोन वर्षांहून अधिक काळ टेबलावर चार्जरला जोडलेला असे; मर्यादा घालण्याची सोय त्यात होती, पण मी कधी शोधली नव्हती. एके दिवशी टचपॅडची खालची डावी बाजू क्लिक होईना. धूळ असेल असे समजून मी ती कापडाने पुसली आणि तसेच काम चालू ठेवले. पंधरवड्यानंतर टचपॅडच्या कडेला नखाएवढी फट दिसू लागली आणि टेबलावर ठेवलेला लॅपटॉप एका कोपऱ्यावर किंचित डुलू लागला. तळ उघडला तेव्हा तीन सेलपैकी मधला उशीसारखा फुगून टचपॅडला खालून रेटत होता. इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून तयार झालेला वायू त्या चंदेरी पाकिटात साठला होता. ते पंधरा दिवस मी लॅपटॉप वापरत आणि चार्ज करत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते, कारण चिन्हे पुरेशी स्पष्ट होती.

म्हणून टचपॅड जड लागणे, कीबोर्ड मध्ये उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे किंवा तळ डुगडुगणे, यांपैकी काहीही दिसले तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि आतला वायू काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. लॅपटॉप जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी. धूर येऊ लागला किंवा उग्र गोडसर वास आला, तर खोलीबाहेर पडून अग्निशमन दलाला कळवावे. तो धूर विषारी असतो.

बदलावी केव्हा, आणि नवी घेताना काय पाहावे

क्षमता ८० टक्क्यांखाली गेली म्हणून बॅटरी लगेच टाकाऊ होत नाही. चार्जर जवळ असणाऱ्या माणसाला ६० टक्के क्षमतेचीही बॅटरी वर्षभर पुरेल. फुगणे, चार्ज शिल्लक असताना अचानक बंद पडणे, किंवा तुमचे रोजचे काम एका चार्जमध्ये न होणे, ही बदलण्याची खरी कारणे.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलच्या नावावर न जाता जुन्या बॅटरीवर छापलेला भाग क्रमांक, व्होल्ट आणि वॅट-तास जुळवावेत, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या आकारांच्या बॅटऱ्या असू शकतात. शक्य असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचीच बॅटरी घ्यावी. दुसऱ्या कुणाची घेत असाल आणि त्याच आकारात मूळ बॅटरीहून कितीतरी जास्त क्षमतेचा दावा दिसला, तर ती टाळावी. उत्पादनाची तारीख जरूर पाहावी: दिनदर्शिकेचे घड्याळ खोक्यातही चालू असते, त्यामुळे तीन-चार वर्षे गोदामात पडलेली ‘नवी’ बॅटरी खरी नवी नसते.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत चिरडली गेली तर ती पेट घेऊ शकते. जोडणीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी. नवी बसवल्यावर त्याच दिवशी चार्जिंगची मर्यादा घालावी, पहिल्या आठवड्यात बॅटरीचा अहवाल काढावा आणि तारखेसह जपून ठेवावा. सहा महिन्यांनी काढलेला दुसरा अहवाल त्याच्याशी ताडून पाहिला की आपल्या सवयी तिला मानवत आहेत की नाही, ते आकड्यांतच दिसेल.